शेकाट्या

सातपूरला मी क्वालिटीत आहे.
दिवसाला चारशे बुश,
मायक्रोमीटरची ती बारीक कटकट,
दोन मायक्रॉन इकडे तिकडे
की लाल खडू.

रविवारी पहाटे निफाडची एसटी,
डब्यात मेथीचे पराठे, मांडीवर
मुलाची अर्धी उरलेली चित्रकलेची वही.
नांदूरच्या पाण्यावर धुकं इतकं
की पक्षी आधी ऐकू येतात.

शेकाट्या उभा असतो चिखलात.
एवढासा जीव, आणि पाय?
गुलाबी, काडीसारखे, मापाबाहेर.
आमच्या शिफ्टला आला असता
तर पहिल्याच फेरीत रिजेक्ट.

मी काढते त्याला.
चौदा महिन्यांत एकदाही
पाय नीट जमले नाहीत.
पुंडे मॅडम विचारतात, प्रदर्शन भरवणार का?
छे हो.

सोमवारी पुन्हा ट्रे पुढ्यात.
चुकलेल्यावर खूण करते,
ती करायलाच हवी, गाड्या चालतात त्यावर.
फक्त खडू हल्ली
कंपनीतच ठेवून येते.
पूर्वी खिशात राहायचा.

परवा नवऱ्याने वही उघडली.
बराच वेळ बघून म्हणाला,
हा बगळा आजारी आहे का गं?
हसत बसलो दोघं,
भात लागल्याचा वास येईपर्यंत.