कळंब्याच्या अलीकडे

दस्तगीर म्हणाला, "म्होरनं जाऊ नका,
मागनं तर नकोच."
मग उरली डावी बाजू.
तिथं उभा राहिलो. मुठीत गुळाचा खडा,
वरच्या खिशात दत्तकाचा अर्ज, चौघडी केलेला.

मसाईच्या पठारावरून आणली म्हणे.
काटेरी तारेत पुढचा पाय,
तीन दिवस तशीच,
चौथ्या दिवशी एका गुराख्याच्या पोरानं बघितली.
आता जखमेवर केस आलेत, पांढरे.
बाकी सगळी काकवीच्या रंगाची.

"नाव?"
"न्हाई ठेवलं. हाकंला येनार असंल, त्येला नाव."

गूळ तिनं हुंगला, सोडून दिला.
हात मात्र हुंगत राहिली.
तीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत
साच्याची वाळू चाळली या हातांनी,
जळका वास अजून जात नाही, बायको म्हणते.
वाटलं, आता बिथरेल.
तिनं नुसता एक कान वळवला माझ्याकडे,
दुसरा रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडेच.

अर्ज काढला नाही.
कागदाचा आवाज होतो.

"मग? काय ठरलं?" दस्तगीरनं बादली उचलली.
"तिला विचार," म्हणालो
आणि म्हणताक्षणीच ओशाळलो.
ती पाठ करून उभी राहिली,
शेपटीनं एक माशी हाकलली.

रात्री जेवणं झाल्यावर
बॅटरी न घेताच जुन्या गोठ्यात गेलो
आणि अंधारात दाराची उंची
वितीनं मोजली.
साडेआठ.
परत मोजली.