चाळिशी, एक नग

भाऊसिंगजी रोडवर, सीपीआरच्या अलीकडे
आमचं चष्म्याचं दुकान. तिसरी पिढी.
आजोबांच्या कीर्दीत, एक्कावन्न साली,
पहिल्याच पानावर मोडी वळणाच्या अक्षरात :
चाळिशी, एक नग. साडेचार रुपये.

वयाला आणि वस्तूला
एकच शब्द पुरवणारी आपली भाषा.
गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, चाळिशी द्या.
आजोबा द्यायचे. काडी कानावर बसवून
पंचांगाचं पान पुढे धरायचे. दिसतंय?
दिसतंय.
संपलं. पुढचा.

आणि त्याआधी? मी विचारलं होतं.
त्याआधी प्लेग होता, म्हणाले.
चाळिशी गाठली हाच पराक्रम,
वर तिची तक्रार कोण करतंय!

मग माणसं जगायला लागली.
तशात हे कोल्हापूर. इथं माणसावर
संकट येत नाही, माणसाला नाद लागतो.
दत्तोबा मगदूम त्रेचाळिसाव्या वर्षी
भुसाराचं दुकान मेहुण्याच्या गळ्यात टाकून
कबुतरांत गेले.
गच्चीवर शिट्ट्या, खाली बायको
ताट झाकून बसलेली.
पेठेत कुणी त्याला आजार म्हटलं नाही.
नाद लागलाय म्हणाले,
आणि जोडीचा भाव विचारला.

काहींना साडेसाती असायची.
शनिवारी तेल वाहायचं, साडेसात वर्षं थांबायचं.
त्यात एक बरं होतं,
तारीख ठरलेली असायची सुटण्याची.

बायकांच्या अंगात यायचं.
गंगावेशीतली ताराक्का चव्वेचाळिसाव्या वर्षी
केस सोडून घुमायला लागली
आणि जन्मात पहिल्यांदा
सासूला अगंतुगं बोलली.
सासू पाया पडली.
दर मंगळवारी तास, दीड तास.
मग उठून भाकऱ्या.

इंग्रजी शब्द आला तो फार उशिरा.
म्हणे लंडनात एका डॉक्टरनं तो भरसभेत मांडला
तेव्हा सभा नुसती गप्प बसली होती.
आमच्या दुकानात तो आला दोन हजारच्या आसपास,
शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्याबरोबर.
दोन शिफ्ट, साखरेची गोळी नुकती चालू,
प्रोग्रेसिव्ह भिंगं मागितली आणि हसत म्हणाला,
"डॉक्टर म्हणतोय मिडलाइफ क्रायसिस.
बुलेट घेतली."
मी बाहेर जाऊन बघितली. काळी.
चांगली होती.
त्या महिन्यात आणखी तिघांना तो झाला.
फ्रेमचं पण असंच असतं,
एकाच्या नाकावर दिसली की गल्लीला तीच हवी.

परवा ताराक्काची सून विचारत होती,
बायकांच्यात पण निघालाय का गं तो?
म्हटलं, आधी रक्त तपास, थायरॉइड निघंल.
दोघी हसलो.
ती गेल्यावर मी एकच काच
किती तरी वेळ पुसत होते.

मला शेहेचाळीस.
दोन वर्षं झाली, कागद लांब लांब धरतेय.
काल हातच पुरेना,
तेव्हा दीडचा नंबर स्वतःला लावला
आणि काही तरी वाचायचं म्हणून कीर्द उघडली.
बासष्ट सालचा श्रावण.
ज्याला मी इतकी वर्षं डाग समजत होते
ती पेन्सिल निघाली. बारीक, दाबून न लिहिलेली :
आज दुकान बंद. कारण नाही.
दुसऱ्या दिवशीही.
कारण नाही.
तिसऱ्या दिवशी : चाळिशी, दोन नग.

त्यांचं वय बोटांवर मोजलं. चव्वेचाळीस.
केएमटीची बस गेली, शोकेसच्या काचा थरथरल्या.
दारात कुणी तरी उभं,
चपला काढाव्यात की नकोत अशा बेतात.
"उघडं हाय नव्हं?"

"थांबा," मी म्हटलं,
"बघून सांगते."