निरंक

सकाळी सहाला गॅलरीचं दार उघडलं
की चष्मा पांढरा होतो.
मुहर्रकमधला ऑगस्ट. काचांना बाहेरून घाम,
आत मी, रात्रभर एसीत वाळलेली
शेवग्याची शेंग.

एसीच्या नळीखाली स्टीलचा डबा ठेवलाय,
झाकण हरवलेला,
त्यातून कधीकाळी शेंगदाण्याची चटणी आली होती.
सकाळपर्यंत तो काठोकाठ भरतो,
आणि मांजर येऊन पितं.

मांजर माझं नाही.
तळमजल्यावरच्या उम्म जासिम तिला गत्वा म्हणतात,
म्हणजे नुसतं मांजर.
कोल्डस्टोअरवाला कुंजुमोन म्हणतो पूचा.
तेही नुसतं मांजरच.
मी मनी म्हटलं तेव्हा तो इतका हसला
की सुटे पैसे द्यायचा विसरला:
चेची, इथं सगळे तिच्याच मागं आलोत.

मग मी नाव बदललं.

आप्पा पाटबंधारे खात्यात होते, जतकडं.
तारेच्या कुंपणात पत्र्याचं एक नळकांडं,
त्याचं कुलूप रोज साडेआठला उघडायचं.
आठ एकतीसला पडेल तो पाऊस उद्याचा.
मोजपात्र डोळ्याच्या रेषेत धरायचं,
तळाशी मुंगी असली तर ती काढायची,
आणि वहीत लिहायचं: निरंक.
जूनभर निरंक. जुलैत दोनदा अडीच मिलिमीटर, बाकी निरंक.
शून्य का नाही लिहीत, मी विचारलं होतं.
शून्य घरी बसूनही लिहिता येतं, म्हणाले,
निरंक म्हणजे जाऊन बघितलं.

सात वर्षांची असताना मी एकदा
तारेखालून शिरून त्यात तांब्याभर पाणी ओतलं.
त्यांना बरं वाटावं म्हणून.
त्यांनी पात्र वर धरलं, वास घेतला,
बाभळीच्या बुडाशी ओतून दिलं
आणि निरंक लिहिलं.
रागावले नाहीत. घरी जाताना एवढंच,
की पावसाला राखेचा वास येत नसतो.

आता तिथं सौर पट्टीवर चालणारं यंत्र आहे.
ते स्वतःच बघतं, स्वतःच कळवतं.
आप्पांचा फोन मात्र येतो,
त्यांच्या साडेआठला, माझ्या सहाला:
काय नोंद?
मी सांगते. दमटपणा एक्क्याण्णव.
किंवा, शमाल सुटलाय,
समोरची मशीद दिसत नाही, फक्त बांग ऐकू येते,
दातांखाली पीठ दळल्यासारखी धूळ,
आणि निरंक चपलांच्या कपाटात झोपलीय.
मांजराचं नाव ऐकून पहिल्यांदा ते
बराच वेळ खोकले. हसू लपवायची त्यांची रीत.

डिसेंबरात इथं एकदाच पडला.
गल्लीत गुडघाभर पाणी, उपसायला टँकर,
शाळांना सुट्टी,
कठड्यावर निरंक, अपमान झाल्यासारखी.
मी डबा नळीपासून लांब, गच्चीत मध्यावर ठेवला,
पट्टी बुडवून मोजलं, अकरा मिलिमीटर,
आणि फोटो पाठवला.
वाटलं, खूश होतील.
त्यांनी विचारलं, डबा सरळ आहे ना,
की तोंडाशी आवळलेला?

मग पुन्हा उन्हाळा.
ती गुरुवारपासून आलेली नाही.
मी जिन्याखाली बघितलं, कचऱ्याच्या पिंपांमागं,
उम्म जासिमच्या बदामाखाली बॅटरी मारली.
डबा तसाच भरलेला राहतो,
त्यात एसीचं पाणी आणि एक पतंग.

आज सहाला फोन आला. काय नोंद?
निरंक, म्हणाले मी.
ते थांबले.
नाव सांगतेस का नोंद?

त्यांच्या मागं होला घुमत होता.
इथंही एक होता, तारेवर,
आणि क्षणभर कळेना
की कोणता कुठला.