दोन लहान की एक मोठा

गेले नऊ दिवस एगॉन पंप निवडतो आहे.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
लोण्याचा डबा आणि मीठ यांच्यामध्ये
पंपांचे कागद पसरलेत.
मी पाव कापते तो त्यांच्या कडेकडेनं.

समुद्र इथून दोनशे किलोमीटर.
आमच्या गेल्झेनकिर्शनमध्ये पाणी असतं ते पायाखाली,
कोळसा काढून नेलेल्या रिकाम्या गल्ल्यांत,
आणि ते सारखं वर येऊ पाहतं.
खाणी बंद झाल्या, उपसा बंद करता येत नाही.
गाव खचून बशीसारखं झालंय;
पंप थांबले
तर माझ्या बटाट्यांच्या वाफ्यात तळं.
एकोणतीस वर्षं एगॉननं ते पंप सांभाळले.
आता बैठकीत चारशे लिटरची काच आली आहे
आणि हा म्हणतो, यंदा पाणी चढवायचं ते हौसेनं.

"डब्यावर लिहिलंय ताशी सहा हजार लिटर.
पण हे सपाटीवरचं बोलणं.
खालच्या कपाटातून दीड मीटर वर चढव,
वाटेत दोन कोपर वळव,
की उरतात साडेतीन.
उंची पाणी खाते, हेडविग."

खातेच.
नऊशे मीटर खालून वर आलेला माणूस
मी रोज दारात पाहिला आहे,
किती उरलेला असायचा ते.

दुकानातली योर्डिस म्हणाली,
पोवळ्यांना एकसारखा झोत सोसत नाही,
अंग मिटून बसतात.
त्यांना पाणी जायला हवं आणि यायलाही.
म्हणून काचेला आतून आणखी दोन पंखे,
डावा बोलेल तेव्हा उजवा गप्प,
मग उलटं.
"लग्नासारखं," मी म्हटलं.
"आपल्यापेक्षा बरं," एगॉन म्हणाला,
आणि योर्डिस बिचारी किमतीच्या चिठ्ठ्या सरळ करत राहिली.

मग त्यानं तो एक काढला.
काळा, गुळगुळीत, किंमत माझ्या वरच्या दातांइतकी.
बादलीत सोडून चालू केला. "ऐक."
ऐकलं.
"काही नाही."
"तेच तर!"

मी म्हटलं, हा नको.

त्याला वाटलं पैशांमुळे.
मी बसमध्ये काही बोलले नाही,
पुढचा थांबाही गेला,
मग म्हटलं: एकोणऐंशीचा फेब्रुवारी.
आमच्या वसाहतीत पंपघराची घरघर
दिवसरात्र भिंतींत असायची,
कपबशा तिच्यात हलके किणकिणायच्या,
पोरं तिच्यावर झोपायची.
त्या रात्री ती थांबली.
आवाजानं नव्हे, आवाज गेल्यानं
अख्खी गल्ली जागी झाली,
एकामागून एक खिडक्या उजळल्या,
आणि आम्ही बायका सपाता घालून बर्फात, फाटकापाशी,
एकमेकींकडे न बघता.

"दुसरा पंप लागला ना पण," एगॉन म्हणाला.
"लागला."
"दोन होते म्हणून लागला."
त्यानं खिडकीवरच्या वाफेत बोटानं
दोन लहान गोल काढले.

तर दोन लहान. आणि दोन्ही घरघरणारे.

शनिवारी त्यानं साध्या पाण्यावर चाचणी घेतली.
प्लग उपटला.
नळीतलं पाणी मागे फिरलं,
कपाटातली टाकी चढू लागली, चढली,
मी जुने टॉवेल घेऊन उभी;
काठाखाली तीन बोटं येऊन थांबली.
त्यानं तिथं पेन्सिलीनं रेघ मारली, तारीख घातली,
पूर्वी वहीत घालायचा तशी, शून्यासकट.

रात्री तीनला मला जाग आली.
आधी ऐकलं: चालू आहेत.
मग हात लावला: गादी रिकामी.

बैठकीत तो स्टुलावर,
समोर खारं पाणी, चार दगड,
पोवळं अजून एकही नाही.
मी शेजारी बसले. गुडघे गार झाले.
"झोप ना."
"डावीकडचा जरा कुरकुरतोय," तो म्हणाला.
"उद्या उघडून बघतो."

"राहू दे," मी म्हटलं.
"कळतं त्यामुळे, कुठला कोण ते."