दोन पेनीची कडी

ऑल्विन ब्लॅन्शर्ड दुकानात शिरतो
तेव्हा आधी धूर शिरतो, मग तो.
सिगारेटचा नव्हे, ओकच्या भुशाचा.
ग्रिम्सबीच्या गोदीमागं हॅडकला धुरी देण्यात
त्याची एकेचाळीस वर्षं गेली.
दिवसभर माशांना धूर, जेवणाच्या सुट्टीत स्वतःला.

त्यानं कोटाचा खिसा काउंटरवर उलटा केला.
तीन वेप. एकाची काच तडकलेली,
एक चार्जच होत नाही,
तिसरं भाचीनं दिलेलं, गुलाबी, कलिंगडाच्या वासाचं,
दोन दिवसांत मुकं झालेलं.
"केझिया, डॉक्टरीणबाईंना शब्द दिलाय मी.
ही वाफ म्हणजे काही तीर्थ नव्हे, त्यांनीच बजावलंय.
पण यातलं एखादं मेलं, की त्याच संध्याकाळी
मी कोपऱ्यावर जाऊन पाकीट घेतो.
म्हणून सहजी न मरणारं दे."

खरं सांगते, महिन्याचा आकडा भरायचा होता.
रंगीत पडद्याचं, नवं आलेलं, महागातलं
मी आधी पुढं केलं.
त्यानं ते अंगठ्यानं दाबून पाहिलं,
उलटं केलं, पोटाकडून पाहिलं,
जणू कल्ले कुठं आहेत ते शोधत होता.
"उघडतं कसं?"
उघडत नाही, मी म्हटलं.
"मग राहू दे. जे उघडत नाही
ते शिळं झालेलंही कळत नाही."

मग खालच्या फळीवरचं. राखाडी, बोजड,
बॅटरी काढता येते, काच बदलता येते,
देखणं म्हणावं असं काही नाही.
किती टिकेल?
मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.
आणि बिघडलं तर फोन कोण उचलतं?

लोक विचारतात चव कशी, ढग केवढा.
हे कुणीच विचारलं नव्हतं.

"लाव," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यादेखत."

आधी त्या रंगीतवाल्यांना.
एक दाबा, चार दाबा, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे,
मग बासरी. अकरा मिनिटं बासरी.
मागं रांग लागली, कुणीतरी खोकलं,
ऑल्विन ढिम्म. धुरीवाल्याला घाई माहीतच नसते.
अखेर बासरीही तुटली.

मग राखाडीवाल्यांना.
चौथ्या घंटीला एक बाई,
तोंडात घास, पाठीमागं रेडिओ:
बोगना बोलतेय, वुचहून, काय झालं?
तो अवघडला. टोपी काढली, फोनसमोर.
"काही नाही झालं, बाई. अजून विकत घेतलेलंच नाही.
म्हटलं, पाहावं, कुणी आहे का."
तिकडं घास गिळल्याचा आवाज.
"आहे," ती म्हणाली.

चौदा महिने.
धक्क्यावर दोनदा पडलं, एकदा सूपमध्ये.
मग गळायला लागलं. त्यानं दुकानातूनच फोन केला,
माझं वाचन बरं म्हणून नंबर मला वाचायला सांगितला.
नंबर होता कुठं? अंगठ्यानं पुसून टाकलेला,
धातू तिथं चमकत होता, जुन्या नाण्यासारखा.
मी बोगनाला तसंच कळवलं.
ती म्हणाली, मग ते आमचंच असणार.
नियमाप्रमाणे असं म्हणायला नको होतं बहुधा.

आठवड्यानं पाकीट आलं. नवं यंत्र नाही.
रबराच्या चार कड्या, दोन-दोन पेनीच्या,
आणि चिठ्ठी: *आधी हे बदलून बघा.*
त्यानं चष्मा कपाळावर नेला, जीभ दाताखाली धरली,
हॅडकचा काटा काढावा तशी जुनी कडी काढली.
गळणं थांबलं.

उरलेल्यांतली एक मला देऊन गेला.
"ठेव. कुणाला तरी लागेल."
गल्ल्यात आहे, सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात.
परवा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा करंगळीत घालून पाहिली.
नखापाशीच अडली.