घडी

मे महिन्याचा तिसरा आठवडा.
अमरावती रोडवर डांबर चपलेला धरून ठेवतं.
बाहेर शेहेचाळीस अंश,
आत सदतीसवर शेकर गरगरतोय,
आणि फ्लास्कमध्ये आतड्यातले साधे जंतू,
ज्यांनी जन्मात पान पाहिलं नाही,
पालकाच्या हरितलवकातलं एक प्रथिन बनवताहेत
आमच्या सांगण्यावरून.

पानात ते जन्मतं तेव्हा त्याच्या टोकाला पत्ता असतो,
हरितलवकाच्या दारापर्यंतचा.
आत गेलं की पत्ता कापतात;
पोचलेल्याला तो कशाला.
आम्ही तो आधीच खोडला.
शेवटी सहा हिस्टिडिनची शेपटी जोडली,
आम्हाला धरता यावं म्हणून.
जायचं कुठे, ते त्याला आता कोणी सांगणार नाही.

तीनदा फसलं.
पेशी फोडल्या, फिरवल्या,
नळीच्या तळाशी तोच पांढरा घट्ट गाळ.
मी फेलोशिपचे उरलेले महिने
कॅलेंडरवर बोटाने मोजत बसले.

बारापात्रे कूलरमध्ये पाणी ओतायला आले.
गोळीबार चौकातले. घरी हातमाग होता,
आता त्या जागेत मुलाचं मोबाइल रिपेरिंग.
नळी उजेडात धरून म्हणाले,
"हे तं गोळा होऊन राहिलं, मॅडम.
सूत निघालं म्हंजे लुगडं झालं का?"
मग बादली खाली ठेवून,
"आमचा बाबा मे महिन्यात दिवसा मागावर बसेच नाही.
सूत तटतट तुटे.
रात्री बसे, जमीन शिंपून. हळू."

हे पेपरांत लिहिलेलं होतं.
मी अधोरेखितही केलं होतं.

त्या रात्री शेकर अठरावर आणला,
इशाऱ्याचं रसायन निम्मं केलं,
आणि स्टुलावर बसून राहिले
जंतूंना घाई करायची नाही म्हणून
स्वतःचीही घाई आवरत.

चौथ्या दिवशी जेलवर एकच रेघ.
निळी, ठसठशीत,
बत्तीसच्या किंचित खाली, जिथे हवी तिथेच.
मी ओरडले असेन;
कॉरिडॉरमधून दोघं-तिघं डोकावले.

बारापात्र्यांनी कुपी निरखली.
"पानातलं आहे न? मंग हिरवं काहून नाही?"
हिरवं दुसरंच असतं, मी म्हटलं,
हे त्याच्या शेजारी राहून काम करतं.
"म्हंजे आमच्यासारखं," असं ते म्हणतील वाटलं.
ते काही म्हणाले नाहीत.
चष्मा पुसला.

कुपीवर तारीख, माझी आद्याक्षरं,
आणि नियमाप्रमाणे: केवळ संशोधनासाठी.
उन्हाची कामं करणाऱ्या त्या रेणूला
उणे ऐंशीच्या अंधारात ठेवलं.

दुपारी तीनला लाइट गेली.
जनरेटर खोकला, थांबला, पुन्हा खोकला.
मी धावत आले तर
बारापात्रे फ्रीजरच्या दाराला पाठ लावून उभे,
घामाने शर्ट चिकटलेला,
आणि नव्या पोरांना सांगताहेत,
"कोणी उघडू नका रे.
आत घडी बसली आहे."