काडेपेटीतला नमुना

फैजपूरच्या बसस्टँडमागे माझी लॅब,
शटर अर्धं वर, सकाळचे साडेसात.
फेगडे मास्तर येतात. पिशवीत पिशवी,
पिशवीत कागद, कागदात काडेपेटी.
चोरीचं सोनं ठेवावं तशी काउंटरवर ठेवतात
आणि बघत राहतात बाहेर, रिक्षांकडे.

सोळा वर्षं मी लोकांची पोटं वाचतेय.
लाजू नका म्हटलं की माणूस जास्त लाजतो,
म्हणून काही म्हणत नाही.

जळगावला आठ दिवस सलाईन,
वर अँटिबायोटिकचा मारा.
ताप गेला,
आणि तापासोबत आतली वस्तीही उठली.
महिना झाला, पोट धड नाही.

काचपट्टी रंगवली, डोळा लावला.
बाजार उठल्यावरचं सावद्याचं मैदान:
दोन-चार चुकार, एखादं भटकं,
बाकी पालं गुंडाळलेली.

“खाता काय, मास्तर?”
“हलकंच. चाळल्या पिठाची पोळी, साबुदाणा, बिस्किट.”
“आणि कोंडा?”
“तो म्हशीले.”
“म्हैस कशी आहे?”
मास्तर पहिल्यांदा हसले. “म्हैस? ठणठणीत हाये.”

चाळणी त्यांच्या घरी आली पहिल्या पगाराला.
त्याआधी कळण्याची भाकरी, कच्च्या केळ्याची भाजी,
डब्यात न्यायची लाज वाटायची, म्हणाले.

मी डॉक्टर नाही. रिपोर्टावर सल्ला लिहायचा नसतो.
तरी बोलले.
की आपल्याला जे पचत नाही ते आपलं नसतंच, मास्तर.
साल, कोंडा, घोसाळ्याच्या शिरा
लहान आतडं हात न लावता पुढे धाडतं,
खाली अंधारात ते राबणारे ते आंबवतात,
आणि त्या आंबटावर
आतड्याचं अस्तर जेवतं.
त्यांना उपाशी ठेवलं
तर ते घराच्या भिंतीच चाटू लागतात.
एकदम नका घालू पुढ्यात, गॅस धरेल.
मूठमूठ वाढवा.

मास्तरांनी काडेपेटीकडे पाहिलं,
जणू आत कुणी ओळखीचं निघालं.

दीड महिन्याने पुन्हा तीच पिशवी. या वेळी नजर सरळ.
काचेखाली पालं पडू लागली होती,
इकडे एक, तिकडे दाटी.
काही मात्र परतलेच नाहीत.
त्यांच्यासाठी रिपोर्टात रकाना नाही.

“बरं वाटतंय?”
“मले वाटतंय,” मास्तर पैसे मोजत म्हणाले,
“पण म्हैस बोलत नाही माझ्याशी.”